‘उजवा पाय मागे आहे म्हणे’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका १७ वर्षांची आहे. बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून खेळते, उजव्या हाताची आहे. निवड शिबिरात ट्रेनरने सगळ्या मुलींच्या उड्या फोनवर शूट करून मोजल्या. दोन्ही पायांवर तिची उडी २६.७ सेंटिमीटर भरली, नुसत्या डाव्या पायावर १६.५ आणि नुसत्या उजव्यावर १३.६. दोन पायांतला सुमारे साडेसतरा टक्क्यांचा फरक रिपोर्टमध्ये लाल रंगात आला, शेजारी ‘धोका’ असा शेरा. कोच सरांचं म्हणणं, उजवा पाय डाव्याइतका झाला तर ‘साडेसोळा दुणे तेहतीस’, म्हणजे दोन्ही पायांची उडी ३३ वर जाईल. नाही झाला तर कधीतरी गुडघ्याचं लिगामेंट जाईल. तेव्हापासून पाच आठवडे ती रोज फक्त उजव्या पायाचे लंजेस (पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) आणि त्याच पायावरच्या उड्या करते आहे, डाव्याला मुद्दाम आराम. आता उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलंय. त्याच शिबिरात एका पायावर सलग तीन लंगडी उड्या मारून अंतर मोजलं, तेव्हा उजव्या पायाने ४.७५ मीटर आणि डाव्याने ४.६० मीटर अंतर कापलं. ‘ते बहुतेक चुकून झालं असेल’ असं ती लिहिते. शेवटी कंसात एक ओळ आहे: ‘आठ महिन्यांपूर्वी उजवा घोटा मुरगळला होता, पण तीन आठवड्यांत बरा झाला.’ तिचे प्रश्न दोन. उजवा पाय डाव्यासारखा व्हायला किती महिने लागतील? आणि तोपर्यंत ड्राइव्ह मारणं, म्हणजे चेंडू घेऊन वेगाने बास्केटकडे घुसणं, बंद करू का?

उत्तर:

आधी दुखऱ्या गुडघ्याचं बोलू, बाकीचं थोडं थांबू शकतं. रोजच्या एका पायावरच्या उड्या आजपासून बंद कर. पाच आठवडे, एकही दिवस खाडा न करता, एकाच पायावर उड्या मारल्या तर वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, कुरकुरणारच. स्नायू लवकर ताकद धरतो, कंडरेला जास्त वेळ लागतो आणि दोन कठीण दिवसांच्या मध्ये तिला मोकळा दिवस लागतो. उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की त्याला ‘जंपर्स नी’ असंच नाव पडलंय. ओळख साधी: वाटीच्या खालच्या टोकाला बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, खेळ सुरू करताना जास्त, अंग तापल्यावर कमी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा. त्याहून खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथे दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं असू शकतं. तुझं कोणतं, हे पत्रावरून सांगता येत नाही. फिजिओथेरपिस्टला दाखव. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल, पाय टाकताना सटकल्यासारखा होत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर फिजिओचीही वाट बघू नकोस, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

उड्या बंद म्हणजे पाय गादीवर ठेवून बसणं नव्हे. पूर्ण आराम दिला तर कंडरा आणखी हळवी होते. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं ३० ते ४५ सेकंद बसणं, असं चार-पाच वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विसावा. आणि सावकाश, वजन घेऊन केलेले स्क्वॉट, एवढं बहुतेकांना झेपतं. मोजमाप असं ठेव: करताना दुखणं १० पैकी ३ च्या आत राहिलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं तर वजन कमी कर.

आता त्या लाल आकड्याकडे येऊ.

तुझी उडी फोनवर मोजली, म्हणजे कोणी पट्टी लावून तुझी उंची पाहिली नाही. पाय जमिनीवरून सुटल्याची फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) आणि परत टेकल्याची फ्रेम, या दोन्हींमधला वेळ घेऊन त्यावरून उंची काढली. हिशेब सोपा आहे: हवेतल्या सेकंदांचा वर्ग कर, १२२.६ ने गुण, उंची सेंटिमीटरमध्ये मिळते. साधा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो. तुझा पाय १० फ्रेम हवेत असेल तर तो सेकंदाचा एक तृतीयांश होतो आणि उत्तर येतं १३.६. अकरा फ्रेम असेल तर उत्तर येतं १६.५.

ओळखीचे वाटले ना आकडे? तुझा डावा आणि उजवा पाय यांच्यात रिपोर्टने जो फरक दाखवलाय, तो बरोबर एका फ्रेमचा आहे. पाय सुटला तो क्षण दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी असतो, टेकला तोही तसाच. बघणाऱ्याने अलीकडची फ्रेम निवडली की पलीकडची, एवढ्यावर सगळं येऊन ठेपतं. उजव्या पायाला आणखी एक फ्रेम मिळाली असती तर फरक शून्य आला असता. एक कमी मिळाली असती तर ३३ टक्के. मधलं काही दाखवायची त्या मोजणीची ताकदच नव्हती. याचा अर्थ तुझे पाय अगदी सारखे आहेत असा मी काढत नाही. फरक असेलही, कदाचित दाखवलाय त्याहून जास्तही असेल. पण या रिपोर्टवरून तो आहे किंवा नाही, यातलं काहीच ठरत नाही, आणि त्यावर तू पाच आठवडे आणि एक गुडघा खर्ची घातलास.

सरांचं ‘साडेसोळा दुणे तेहतीस’ ऐकायला चोख वाटतं, पण पाय असे बेरजेला बसत नाहीत. तुझेच आकडे बघ. डाव्याचे १६.५ आणि उजव्याचे १३.६ मिळवले तर ३०.१ होतात, आणि दोन्ही पायांवर तू उडालीस २६.७. म्हणजे एका पायाच्या दोन उड्यांची बेरीज दोन पायांच्या उडीपेक्षा जास्त. हे तुझ्यातलं वैगुण्य नाही, बहुतेक खेळाडूंमध्ये असंच दिसतं. दोन्ही पाय मिळून ढकलतात तेव्हा प्रत्येकावर निम्मंच वजन असतं, त्यामुळे पाय लवकर सरळ होतो. आणि स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो. तेव्हा उजवा पाय उद्या १६.५ वर गेला तरी दोन्ही पायांची उडी ३३ होणार नाही. थोडी वाढेल, आणि वाढेल ती उजवा पाय जोमदार झाला म्हणून. डाव्याची बरोबरी झाली म्हणून वाढणार नाही. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण तुझी सगळी पाच आठवड्यांची धावपळ त्यांच्यातल्या फरकावरच घसरली आहे.

कारण फरकाचं टक्केवारीतलं रूप फसवं असतं. समज, तू डाव्या पायाला असाच आराम देत राहिलीस आणि तो १३.६ वर घसरला. रिपोर्टमध्ये शून्य टक्के, हिरवा रंग, शाबासकी. आणि तू आधीपेक्षा कमी उडणारी खेळाडू. टक्केवारी दोन पायांची एकमेकांशी तुलना करते, कोर्टवर काय लागतं त्याच्याशी नाही. म्हणून मला कोणी नुसते टक्के सांगितले की मी आधी दोन्ही पायांचे मूळ आकडे मागते.

मग फरक १० किंवा १५ टक्क्यांच्या वर गेला की ‘धोका’, ही रेघ आली कुठून? मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनातून. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, तुटून शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला परत मैदानात सोडताना दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाला पाहिजे, असा दंडक वापरात आला. तिथे त्याला अर्थ आहे. पुढे तोच आकडा धडधाकट खेळाडूंनाही लावला जाऊ लागला, जणू ९ टक्के म्हणजे सुरक्षित आणि ११ म्हणजे धोका. अशी रेघ शरीरात कुठेही आखलेली नाही. निरोगी खेळाडूंमध्ये दोन पायांतल्या फरकाचा उडीच्या उंचीशी किंवा धावण्याच्या वेगाशी संबंध आहे का, यावर बरेच अभ्यास झालेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत फरक जास्त असलेले खेळाडू थोडे मागे दिसतात, काहींत काहीच दिसत नाही. दुखापतीचंही तसंच: एका दिवशी मोजलेल्या एका टक्केवारीवरून अमुक खेळाडूचं लिगामेंट जाईल, असं भाकीत कुणालाच करता येत नाही. सरांना तुझी काळजी आहे हे मला दिसतं. फक्त ती काळजी चुकीच्या आकड्याला लटकली आहे.

आता तुझ्या लंगडी उड्यांकडे ये, ज्या ‘चुकून’ झाल्या असं तू लिहिलंस. तिथे उजवा पाय सुमारे ३ टक्क्यांनी पुढे आहे. तू एक टेस्ट खरी धरलीस आणि दुसरी चूक, कारण पहिलीला लाल रंग होता. दोन्ही टेस्ट तुझ्याच आहेत. जागेवरून सरळ वर उडणं आणि पुढे झेपा टाकणं ही पायाची दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्यात मांडी आणि पोटरीला एकदाच झटका द्यायचा असतो. दुसऱ्यात प्रत्येक वेळी जमिनीवर आदळून, तो धक्का पचवून, लगेच पुन्हा उसळायचं असतं. एका कामात डावा सरस आणि दुसऱ्यात उजवा, असं खेळाडूंमध्ये सर्रास आढळतं. त्यामुळे ‘कमजोर पाय कोणता’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या कामात कमजोर, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

आणि तुझ्या बाबतीत याचं उत्तर तुझ्या लेअपमध्ये, म्हणजे पळत येऊन एका पायावर उडून बास्केटजवळून चेंडू टाकण्यात, दडलंय. उजव्या हाताचा लेअप आठव: उजवं पाऊल, डावं पाऊल, टेक-ऑफ. वर उचलायचं काम दर वेळी डाव्याचं. उजवा त्याच्या आधीच्या पावलात असतो. पळता पळता शरीर किंचित खाली घेणं, पुढे जाणारा वेग अडवून डाव्याच्या हवाली करणं, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं, प्रत्येक सरावात, हेच. डावा एका पायावर वर उडण्यात तरबेज होणार नाही तर काय होईल? आणि उजवा धक्का पचवण्यात सरस असेल तर लंगडी उड्यांमधले ते १५ सेंटिमीटर मला अजिबात अपघात वाटत नाहीत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताचं अक्षर तितकंच वळणदार का नाही, असं आपण विचारत नाही. उभ्याने उजव्या पायावर वर उडणं ही गोष्ट तू शिबिराच्या आधी कितीदा केली असशील? त्या उडीत ताकदीइतकाच सवयीचा आणि तोलाचाही वाटा असतो.

डाव्या हाताचा लेअप मारताना मात्र टेक-ऑफ उजव्या पायावर येतो. तू पत्रात त्याचा उल्लेख कुठेच केला नाहीस. माझा अंदाज आहे की तू डावीकडून फारशी जात नाहीस, गेलीस तरी शेवटी उजव्या हातावरच येतेस. अंदाज चुकीचा असेल तर सोडून दे. बरोबर असेल, तर उजव्या पायाला वर उडायला शिकवायची सगळ्यात स्वस्त जागा तीच आहे, आणि समोरच्या संघाला तुझा एकच हात ठाऊक असण्याची अडचणही त्यातच सुटते.

तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी खरोखर थांबले, ती कंसातली आहे. घोटा मुरगळणं ही बास्केटबॉलमधली सगळ्यात नेहमीची दुखापत, म्हणून तिला कोणी दुखापत मानत नाही. सूज उतरली, चालता यायला लागलं, की ‘बरा झाला’. पण तीन आठवड्यांत दुखणं जातं. घोट्याची पुढे झुकण्याची क्षमता, पोटरीचा जोर आणि एका पायावर तोल सांभाळण्याची जाण व्यायामाशिवाय आपोआप परत येतेच असं नाही. घोटा पुढे नीट झुकत नसेल तर उडीआधी खोल बसता येत नाही, लँडिंगला धक्का मुरवता येत नाही, आणि तो भार वर गुडघ्याकडे सरकतो. उजवा पाय खरोखर मागे असेलच, तर मी आधी मांडीकडे बघणार नाही. घोट्याकडे बघेन.

हे घरीच तपासता येतं. भिंतीकडे तोंड करून उभी राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून काही सेंटिमीटर मागे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव. टेकला तर पाऊल थोडं मागे घे आणि पुन्हा टेकव. टाच न सुटता जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा टेकतो ते मोज, मग दुसरा पाय. दोघांत दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून अडतोय असं समज. मग एका पायावर उभी राहून टाच पूर्ण उचलणं आणि सावकाश खाली आणणं, थकेपर्यंत, दोन्ही पायांवर एकाच लयीत. मोजताना स्वतःला सूट देऊ नकोस: टाच अर्धीच वर गेली की मोजणी थांबली. शेवटी डोळे मिटून एका पायावर उभी राहा, कोणता पाय आधी डगमगतो बघ. या तीन गोष्टींत उजवा मागे पडला, तर तुझ्याकडे कामाला लावण्यासारखं काहीतरी नेमकं हाती आलं, जे त्या लाल आकड्यातून कधीच आलं नसतं. फिजिओकडे जाशील तेव्हा हे निकाल लिहून ने, आणि घोट्याची गोष्ट कंसाबाहेर काढून सगळ्यात आधी सांग.

व्यायामाचं कसं करायचं? आठवड्यात दोन दिवस ताकदीचे, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. दोन्ही पायांचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं) चालू ठेव. ‘फरक घालवायचाय’ म्हणून लोक तेच आधी सोडतात आणि मग एकूण जोरच कमी होतो. त्यांच्या जोडीला एका पायाचे व्यायाम: मागचा पाय बाकावर ठेवून केलेला स्क्वॉट, स्टेप-अप, एका पायावर पुढे झुकून डंबेल उचलणं, आणि टाचा उचलणं. सुरुवात नेहमी उजव्याने कर, ताजा असताना. त्याला जेवढे रेप्स आणि जेवढं वजन नीट जमलं, तेवढंच डाव्याला दे, भले तो आणखी मागत असला तरी. पुन्हा नीट मोजल्यावर फरक खरा निघाला तर उजव्याला फार तर एखादा सेट जास्त. डाव्याला उपाशी ठेवायचं नाही, एवढं लक्षात ठेव. तो तुझा टेक-ऑफचा पाय आहे, तुझे निम्मे गुण तोच मिळवून देतो.

गुडघा शांत झाल्यावर उड्या परत आण, पण आधी लँडिंगपासून. कमी उंचीच्या पायरीवरून खाली उतरून दोन्ही पायांवर थांबणं, मग एका पायावर थांबणं. समोरून फोन लाव आणि बघ: गुडघा आत दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो का, कंबर एका बाजूला पडते का, थांबायला किती वेळ लागतो, पाय आपटल्याचा आवाज येतो का. एसीएलची भीती सरांनी तुझ्या मनात घातलीच आहे, तर त्यातला खरा भाग असा: बास्केटबॉलमध्ये मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा होते, आणि ती बऱ्याचदा कोणाचा धक्का न लागता, उतरताना किंवा अचानक थांबताना होते. तिच्यावर उपायही आहे. लँडिंग, तोल आणि मांडी-कंबरेच्या ताकदीचे व्यायाम वॉर्म-अपमध्येच, आठवड्यातून दोन-तीनदा, हंगामभर केले तर मुलींमधल्या या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात असं दिसून आलंय. १५-२० मिनिटांचं काम. हे सगळ्या संघाने करायचं आहे, ज्यांच्या रिपोर्टमध्ये हिरवा रंग आलाय त्यांनीसुद्धा.

ड्राइव्ह बंद करू का, या प्रश्नाचं उत्तर: फरकामुळे नको. गुडघा वरच्या ‘१० पैकी ३’च्या नियमात बसत असेल तर खेळ, नसेल तर थोडे दिवस सरावातल्या ड्राइव्हची संख्या कमी कर, पण पाय घाबरून थांबायला शिकला तर ती सवय मोडायला उडीच्या फरकापेक्षा जास्त वेळ जातो. आणि निवड करणारे बाहेर बसून बघत असतात तेव्हा त्यांना तुझी टक्केवारी दिसत नाही. गार्ड बास्केटकडे जायला कचरते आहे, हे मात्र लगेच दिसतं.

सरांशी बोलताना रिपोर्ट चुकीचा आहे असं सुरुवातीलाच म्हणू नकोस. सर असोत वा ट्रेनर, कोणालाच ते आवडत नाही आणि त्यातून तुझं काही साधणार नाही. ‘सर, मला पुन्हा एकदा टेस्ट द्यायची आहे, या वेळी स्लो मोशनमध्ये शूट करू या का? आणि माझा घोटा मागे मुरगळला होता, तेही फिजिओकडून बघून घेते,’ एवढं पुरे. बहुतेक कोच याला नाही म्हणत नाहीत. फ्रेमचं गणित ट्रेनरना दाखवायचं तर निवांत दाखव, सगळ्या मुलींसमोर नको.

तुझ्यासारखी पत्रं येतात त्यांतल्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. ज्यांची एसीएलची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी हे उत्तर वाचून ‘फरकाचं काही नसतं’ असा सोयीचा अर्थ काढू नये. तुमच्याबाबतीत फरक भरून काढणं हेच काम आहे, मांडीची ताकद परत येईपर्यंत आणि शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत सामना खेळायची घाई महागात पडते. शिवाय तुमचा ‘चांगला’ पायही त्या महिन्यांत बसून बसून उतरलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी बरोबरी झाली म्हणजे सगळं आलं असं नसतं. दुखापतीआधीचे आकडे असतील तर त्यांच्याशी ताडून बघा. तेरा-चौदा वर्षांच्या, झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी एका रिपोर्टवर मुळीच काही ठरवू नये. त्या वयात शरीराचा ताळमेळ महिन्यामहिन्याला बदलतो. आणि कोच मंडळींना विनंती: टेस्ट जरूर घ्या, पण कोणाच्याही नावापुढे लाल रंग भरण्याआधी तीच टेस्ट वेगळ्या दिवशी परत घ्या. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ‘कमजोर’ पायच बदललेला असतो.

किती महिने, हे तू विचारलं होतंस. ताकदीत मोजण्यासारखा बदल दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेही गुडघा शांत झाल्यावरचे. त्यानंतर पुन्हा मोज, आणि असं मोज. फोन स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. मग एका फ्रेमची चूक साधारण ४ मिलिमीटरवर येते. फोन जमिनीलगत, पावलांच्या उंचीवर, हलणार नाही असा ठेव. अंग नीट तापवून घे. हात कमरेवर, कारण हातांचा झोका उडीत बराच भर घालतो आणि दोन्ही वेळा तो सारखा पडत नाही. ज्या पायावर उडशील त्याच पायावर उतर, आणि उतरताना गुडघा हवेत दुमडू नकोस. दुमडला तर पाय उशिरा टेकतो आणि उंची फुकट वाढते. एकदा डावा, एकदा उजवा, अशा आळीपाळीने प्रत्येकी तीन उड्या. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा. सगळे आकडे लिहून ठेव, फक्त सर्वांत चांगला नको: उजव्याच्याच तीन उड्यांमध्ये आपसात दीड सेंटिमीटरचा फरक असेल, तर डाव्या-उजव्यातल्या एका सेंटिमीटरसाठी झोप घालवायची गरज नाही. दोन्ही दिवशी तोच पाय, सारख्याच मोठ्या अंतराने मागे निघाला, तर ते आकडे आणि घोट्याचे निकाल एकाच कागदावर मांडून फिजिओला दाखव.